गोष्ट सांगायला बोलावतात तेव्हा

बालसाहित्यिकाला येणारं आमंत्रण बहुतेक वेळा दुपारचं असतं. सकाळ उद्घाटनाची, संध्याकाळ मोठ्यांच्या परिसंवादाची आणि सुगम संगीताची. मधल्या वेळात मंडप मोकळा असतो, शाळांच्या गाड्याही मोकळ्या असतात, म्हणून तिथे आम्ही. "मॅडम, पाचशे मुलं आणतो. एखादी छान गोष्ट सांगा आणि जाता जाता वाचनाचं महत्त्व," असं फोनवर सांगितलं जातं. सांगणारा मनापासून बोलत असतो, दारोदार वर्गणी गोळा करून त्याने हा महोत्सव उभा केलेला असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. मी आता एवढंच विचारून घेते, की मुलं कितवीतली आहेत, खाली बसणार आहेत की खुर्च्यांवर, आणि माझ्या आधी भाषणं किती आहेत. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

एका तालुक्याच्या गावी मुलांना नऊ वाजता आणून बसवलं होतं. प्रमुख पाहुणे आले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि त्यानंतर 'आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचायचो' या वळणाचं एक लांबलचक भाषण. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा पुढच्या रांगेतली दुसरीतली दोन पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपली होती. अशा वेळी माईक घेऊन 'काय बालमित्रांनो' वगैरे सुरू करण्यात अर्थ नसतो. मी खाली उतरले, सगळ्यांना उभं केलं, आळस द्यायला लावला, ज्यांना जायचंय त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं. शिक्षकांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. पण पंधरा मिनिटांनी जी मुलं परत येऊन बसली ती ऐकायला बसली.

पाचशे मुलांपुढे चित्रपुस्तक वाचता येत नाही, हे बोलावणाऱ्यांना पटवणं अवघड जातं. तिसऱ्या रांगेच्या मागे चित्र दिसत नाही. पडद्यावर दाखवायचं म्हटलं तर दुपारच्या उजेडात पडदा पांढराफटक. म्हणून गर्दीसाठी मी एक वेगळीच गोष्ट ठेवली आहे. तिला पालुपद आहे, दर वेळी ते लांबत जातं, आणि तिसऱ्या फेरीनंतर मुलंच ते ओरडायला लागतात. मंडप दणाणतो, संयोजक खूश होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ही गोष्ट माझ्या एकाही पुस्तकात नाही. लहानपणी शेजारच्या काकूंकडून ऐकलेली आहे, त्यांनी ती कुठून आणली कोण जाणे. तो कार्यक्रम मला आवडतो, पण त्याचा वाचनाशी संबंध जोडायचा म्हटलं तर ओढूनताणूनच जोडावा लागेल.

मोठ्या महोत्सवांचं गणित वेगळं. पुण्यात राष्ट्रीय पुस्तक न्यासाने डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव सुरू केला. प्रवेशाला पैसे नाहीत, कॉलेजची पोरं सेल्फी काढायला म्हणून येतात आणि हातात पिशवी घेऊन बाहेर पडतात. पहिल्या वर्षी महोत्सवाच्या तोंडावर स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. विक्रमांचं मला फारसं कौतुक नाही. पण त्यानंतर गाळ्यावर भेटलेला एक बाप म्हणाला, की त्या निमित्ताने त्याने शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने मराठी वाचलं, आणि मुलीने घरी आल्यावर पुन्हा वाचायला लावलं. एवढ्यासाठी तरी विक्रम माफ.

अशा महोत्सवात माझा खरा वेळ जातो प्रकाशकाच्या गाळ्यावर. सही करायला बसवतात, पण सही मागणारे थोडे असतात. बाकीचा वेळ मी गिऱ्हाईक बघत बसते. मुलांच्या पुस्तकांचं गिऱ्हाईक म्हणजे मोठी माणसं, ही गोष्ट गाळ्यावर बसल्याशिवाय नीट कळत नाही. आजी-आजोबा सगळ्यात चांगले. ते पुस्तक उघडतात, दोन पानं वाचतात, चष्मा वर करून चित्र बघतात आणि घेतात. आया मागचं पान बघतात, म्हणजे किंमत आणि वयोगट. वडील पानं मोजतात. "सोळा पानांचे ऐंशी रुपये?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता चेहरा हलत नाही. शेजारच्या गाळ्यावर तेवढ्याच पैशात सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक मिळत असतं आणि त्यात जगातल्या सगळ्या राजधान्या असतात.

सोळा पानांचे ऐंशी रुपये का, याचं उत्तर कुणाला देत बसत नाही, पण इथे सांगते. चारही रंगांची छपाई, जाड कागद, चित्रकाराचे काही महिने, आणि आवृत्ती निघते हजार-दोन हजारांची. किमतीतला मोठा वाटा विक्रेत्याच्या सवलतीत जातो. माझ्या करारात छापील किमतीच्या दहा टक्के रॉयल्टी आहे आणि ती मी आणि चित्रकार निम्मी-निम्मी वाटून घेतो. म्हणजे ऐंशीच्या पुस्तकामागे माझ्या वाट्याला चार रुपये. मंडपाबाहेरच्या चहालाही ते पुरत नाहीत. तरीही पुढचं पुस्तक निघतं ते या गाळ्यांवरच्या विक्रीमुळेच. 'महोत्सवात काय ठेवलंय, नुसती जत्रा' असं म्हणणाऱ्या लेखकांशी म्हणूनच माझं जमत नाही.

"यात बोध काय आहे?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. माझ्या एका पुस्तकात एक मुलगी दिवसभर हरवलेली चप्पल शोधते आणि ती तिला सापडत नाही. एवढंच. एका बाईंनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मग शेवटी शिकवलं काय?" मी काही बोलायच्या आत त्यांचा मुलगा म्हणाला, "अगं, कुत्र्याने नेलीय, चौथ्या पानावर बघ ना." चौथ्या पानावर कोपऱ्यात कुत्र्याची शेपटी दिसते, तोंडात एक पट्टा. मजकुरात त्याचा उल्लेख नाही. बाईंनी पुस्तक घेतलं नाही. मुलगा जाताना मागे वळून वळून बघत होता, कुत्र्याकडे असावा.

प्रकाशकाकडे विक्रीला बसणारा मुलगा या कामात माझ्यापेक्षा तरबेज आहे. तो आईबापांशी बोलतच नाही. मुलाच्या उंचीवर पुस्तकं मांडतो, एक उघडं ठेवतो आणि दुसरीकडे बघत राहतो. इंग्रजी माध्यमातली मुलं आली, 'मराठी समजतं पण वाचता येत नाही' असं त्यांच्या आया सांगू लागल्या, की तो मला खूण करतो. मग मी त्या मुलाला शेजारच्या स्टुलावर बसवून दोन पानं वाचून दाखवते आणि तिसऱ्या पानावर थांबते. पुढे काय झालं हे कळण्यासाठी काही मुलं स्वतः अडखळत वाचायला लागतात. काही 'वाच ना' म्हणतात. दोन्ही चालतं.

संमेलनं ही आणखी तिसरी तऱ्हा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, त्याला जोडून बालमेळावा होता. अमळनेर म्हणजे साने गुरुजींचं गाव. ते १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोज, हाताने, मूठभर वाचकांसाठी. संमेलनात त्यांचं नाव व्यासपीठावरून बऱ्याचदा घेतलं गेलं, पण त्या दैनिकाबद्दल कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही. मला मात्र तिथे असेपर्यंत तेच डोक्यात होतं. आपला वाचक शेजारच्या खोलीत झोपलेला आहे आणि उद्या सकाळी तो तोंडावर सांगणार आहे की आजचा अंक कंटाळवाणा होता, असं लिहिणं किती अवघड असेल!

ग्रंथप्रदर्शनात एका बाकावर बसून मी पाच-सहा मुलांना एक पुस्तक वाचून दाखवत होते. आसपासच्या खेड्यांतली मुलं. गोष्टीतला मुलगा पळून जातो, तिथे एकाने मधेच विचारलं, "मंग तो पयना कसाले?" मी उत्तर देण्याआधी दुसऱ्याने अहिराणीतच कारण सांगितलं. मग तिसऱ्याने ते खोडून काढलं. मी पुस्तक मांडीवर ठेवून दिलं. घरात अहिराणी आणि पुस्तकात पुण्याची मराठी, अशी ही मुलं शाळेत वाचायला शिकतात. गोष्ट कळल्याची खात्री मला झाली ती ती मुलं त्यांच्या भाषेत भांडायला लागली तेव्हा.

साक्षरतेच्या परिषदांना मी ओघानेच जाऊ लागले. पहिल्यांदा बोलावलं ते माझ्या पुस्तकाचा एका संस्थेने वाचनपेटीत समावेश केला म्हणून. मला वाटलं, पुन्हा शाल-श्रीफळ. तिथे होते शिक्षक, केंद्रप्रमुख, अभ्यासक, आणि टेबलावर माझ्या पुस्तकाच्या पेन्सिलने खुणा केलेल्या प्रती. दर पानावर किती शब्द, किती जोडाक्षरं, कोणती ओळ पुन्हा येते, कोणता शब्द चित्रावरून ओळखता येतो. मी कथा म्हणत होते त्याला ते 'मजकूर' म्हणत होते. सुरुवातीला मला ते जरा झोंबलं.

ही माणसं कोणत्या प्रश्नाशी झगडताहेत हे कळल्यावर झोंबणं कमी झालं. 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे लोक खेड्यापाड्यांतल्या घरी जाऊन, अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट यांपैकी मुलांना कुठवर वाचता येतं ते बघतात. देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतली ही गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१. म्हणजे सावरलो, पण कुठवर, तर चारातल्या एकापर्यंत. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. मी ज्याला 'सहा ते आठ वयोगट' म्हणून मागच्या पानावर छापते, त्या वयोगटातली बहुसंख्य मुलं माझं पुस्तक स्वतः वाचूच शकत नाहीत, हे आकड्यात समोर आल्यावर महोत्सवातल्या गाळ्याकडे बघायची नजर बदलते.

शिकवण्याच्या पद्धतीवर या परिषदांमध्ये कडाक्याचे वाद होतात. आपल्याकडे आधी 'अ' ते 'ज्ञ' पाठ, मग बाराखड्या, मग शब्द, मग वाक्य आणि सगळ्यात शेवटी गोष्ट, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मूल अर्थापर्यंत पोचेतो वर्ष-दीड वर्ष जातं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी हा क्रम मोडला. अमेरिकेतून येऊन इथल्याच झालेल्या या बाईंनी १९८४ साली संस्था काढली. थोडी अक्षरं आणि त्यांच्याबरोबर काना-मात्राही लगेच घ्यायच्या, म्हणजे मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच खरेखुरे शब्द वाचता येतात. पुढे पालघरमधला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर इथे मुलांना पहिली ते तिसरी अशी तीन वर्षं पाठपुरावा करून अभ्यासलं गेलं. मराठी आणि कन्नड या दोन्हींत अक्षरओळखीवर भर आणि समजून वाचण्याकडे दुर्लक्ष, हे चित्र त्यातून पुढे आलं.

वाड्याजवळच्या सोनाळ्यात 'क्वेस्ट' ही संस्था आहे. तिचा 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम मला माझ्या सगळ्या परिषदांपेक्षा जास्त शिकवून गेला. नट मंडळी आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी नाटकासारख्या सादर करतात आणि मग ती पुस्तकं मुलांच्या हाती येतात. एकदा नाटक पाहिलेलं असलं की मूल पुढच्या ओळीचा अंदाज बांधत वाचतं. अडलेलं अक्षर ते गोष्टीच्या जोरावर ओलांडून जातं.

एका परिषदेत एका शिक्षिकेने मोबाईलवर चित्रफीत दाखवली. दुसरीतली मुलगी माझं पुस्तक वाचत होती. 'गर्दी' या शब्दापाशी ती थांबली. रफार दिसतो 'दी'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'दी'च्या आधी. तिने तो आहे तिथेच म्हटला, तोंड वाकडं केलं, पुन्हा म्हटला आणि मग चित्राकडे बघून शांतपणे 'बाजार' असं वाचून पुढे गेली. हॉलमध्ये हशा पिकला. शिक्षिका हसली नाही. ती म्हणाली, "हिला गोष्ट कळतेय. आता रफार शिकवायला मला कारण मिळालं."

अर्थात सगळंच मान्य करण्यासारखं नसतं. एका सत्रात एका अधिकाऱ्याने सुचवलं, की लेखकांनी पहिलीच्या पुस्तकात जोडाक्षरंच टाळावीत आणि वाक्य तीन शब्दांचं ठेवावं. मी म्हटलं, मग आपण पुन्हा 'छगन कमळ बघ'पाशी येऊ. छगनने कमळ का बघायचं, बघून पुढे काय झालं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. 'म्हातारी' आणि 'गोष्ट' हे शब्द टाळून मराठीत मुलांसाठी कुणी काय लिहावं? तिथे जमलेल्या शिक्षकांनीच माझी बाजू घेतली. सोप्या मजकुराची पुस्तकं हवीत आणि मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी भरघोस भाषेची पुस्तकंही हवीत, दोन्ही एकाच पुस्तकात कोंबायचा हट्ट नको, असं त्यांचं म्हणणं. प्रकट वाचनाला मोठं माणूस असतंच की.

या सगळ्याचा माझ्या लिहिण्यावर परिणाम झाला तो छोट्या छोट्या ठिकाणी. पुस्तक छपाईला जायच्या आधी मी त्याची डमी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसते. वाचून दाखवत नाही, मुलाच्या शेजारी बसून ऐकते. ओळ कुठे तोडायची ते मला तिथे समजतं. 'आजीने पिशवीतून' इथे ओळ संपली की मूल श्वास घेतं, 'काढली' पुढच्या ओळीत गेली की काय काढली ते विसरलेलं असतं. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळा आहे हे लिपी सांगत नाही. त्यामुळे अनोळखी शब्द असेल तर तो चित्रात दिसतो का, हे मी चित्रकाराशी बोलून ठरवते. चित्रकार कुरकुरतो. त्याचंही बरोबर आहे, चित्र म्हणजे शब्दार्थाची यादी नव्हे. कुत्र्याच्या शेपटीसारखी जागा त्याला सोडावी लागते.

आमंत्रणांच्या बाबतीतही मी थोडी हट्टी झाले आहे. पाचशेऐवजी चाळीस मुलं आणा, त्या बदल्यात मी दिवसभर थांबते, असं सांगून बघते. काही संयोजक तयार होतात. बरेच होत नाहीत, कारण फोटोत चाळीस मुलं म्हणजे कार्यक्रम पडल्यासारखा दिसतो.

मागच्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका परिषदेत माझ्या भाषणाचा विषय होता 'बालसाहित्यातील कल्पनाविश्व'. जेवणानंतरची वेळ. आधीच्या वक्त्यांनी शाळांना मिळालेल्या वाचनालयाच्या पुस्तकांची माहिती सांगितली, आणि मागच्या रांगेतून एक शिक्षिका उठली. "पुस्तकं आलीत सर, कपाटात आहेत. मुलांच्या हातात दिली की फाटणार. फाटली की नोंदवहीत कमी दिसणार. पुढच्या तपासणीला उत्तर कोण देणार?" कल्पनाविश्वाकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. साठा नोंदवही, गहाळ प्रतींची भरपाई, बदली झालेल्या गुरुजींनी न दिलेला कार्यभार, सगळं बाहेर आलं. एका मुख्याध्यापकांनी सांगितलं, की एक फाटकं पुस्तक रीतसर निर्लेखित करायला, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकायला, जेवढे कागद लागतात, तेवढ्यात नवं पुस्तक लिहून होईल. व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी म्हणाले, वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल कुणालाही जबाबदार धरलं जाणार नाही, बिनधास्त वाटा.

"हे लेखी द्या, सर," ती शिक्षिका म्हणाली.

टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी तिथेच स्वीय सहायकाला मसुदा करायला सांगितलं. परिपत्रकात 'फाटलेली' लिहायचं की 'वापरामुळे जीर्ण झालेली', यावर पुढची वीस मिनिटं खल झाला. भिजलेली पुस्तकं त्यात येतात का, असं कोकणातल्या एका गुरुजींनी विचारलं आणि उंदरांचा मुद्दा आणखी कुणीतरी काढला. माझ्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली. मी भाषणाचे कागद पर्समध्ये ठेवले आणि चप्पल हरवलेल्या मुलीचं पुस्तक वाचून दाखवलं.